वाकड्या ज्वारीचे मडके

मित्रांनो, मी मातीचे एक जुने मडके आहे. कुंभाराने मला पाण्यासाठी घडवले. पण माझ्या अंगातून पाणी झिरपेना, गार होईना, म्हणून गंगाखेडच्या बाजारात मला कोणी घेईना. दगडाबाईने मात्र मला टिचकीने वाजवून पाहिले आणि नेमके त्याच दोषासाठी निवडले. जे मडके घामेजत नाही, त्यात बी कोरडे राहते.

तिच्या घरात मी वाकडीचे बी सांभाळले. वाकडी ही गोदाकाठच्या काळ्या रानातली रब्बीची ज्वारी. तिचे कणीस हुंदका गिळलेल्या माणसाच्या मानेसारखे खाली झुकते. पाखराला त्यावर बसता येत नाही. कापणीपूर्वी बाई उभ्या पिकात हिंडे, निवडक ताटांना चिंध्या बांधे आणि त्यांचेच दाणे राखेत घोळून माझ्यात भरी. दसऱ्यानंतर अर्धे बी रानात जाई, अर्धे माझ्यापाशी थांबे. एक पीक बुडाले तर दुसऱ्यासाठी असावे, एवढाच तिचा हिशोब. बी मागायला आलेल्याला तिने कधी रित्या हाताने पाठवले नाही.

पुढे काठावर ऊस आला, दुकानात छापील पिशव्या आल्या. वाकडी एकेका शिवारातून उठली आणि शेवटी एकट्या दगडाबाईच्या तुकड्यात उरली. गावाला त्याचे काही वाटले नाही. मी होते ना!

एका वर्षी पेरणी उरकल्यावर बियाण्याच्या कंपनीची जीप आली. साहेब नम्र होते. त्यांनी माझ्यात हात घातला, दाणे उन्हात धरले आणि सगळेच मागितले. रानात पीक गुडघाभर होते. बाईने मला त्यांच्या पुडीत पालथे केले.

"नाव लिवा की त्याच्यावर, साहेब," ती म्हणाली.

"नावाची गरज नसते, आजी. नंबर असतो."

"नंबर पेरायचाय व्हय?"

साहेब हसले. तीही हसली. माझ्या तळाशी तेव्हा केवळ राख होती.

त्या साली थंडी पडली नाही, दव उतरले नाही. भुई भेगाळली आणि वाकडी पोटरीतच करपली. एकही कणीस बाहेर आले नाही.

पुढच्या पेरणीआधी दगडाबाई मला काखेत घेऊन परभणीला निघाली. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तात बस परभणीच्या अलीकडे पिंगळीलाच अडली. पुढची वाट तिने पायी तोडली. कंपनीच्या कचेरीत कारकुनाने रजिस्टर उघडले.

"नंबर सांगा, मावशी."

"नंबर मला कुणी सांगितला न्हाई. कणीस वाकतंय बघा, दाण्याच्या बुडाला तांबूस ठिपका हाय."

"अशानं कसं सापडंल? आत हजारभर पुड्या हायत."

"मंग एकेक उघडा. मी वळखते."

"तो माल कंपनीचा हाय आता. उघडायचा हक्क मला बी न्हाई."

"कवापासनं?"

कारकुनाने तिच्यासाठी पाणी मागवले. ती प्यायली नाही.

घरी परतल्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारची बायनाबाई दारात आली. "दगडाबाई, औंदा मला वंजळभर वाकडी दे. पिशवीच्या भाकरीला चवच न्हाई."

दगडाबाईने तत्पूर्वीच माझे तोंड शेणामातीने लिंपले होते. "आता फोडायचं न्हाई," ती म्हणाली. "फुडल्या साली बघू."

"तुझ्याकडं हाय म्हणून बरं," असे म्हणत बायनाबाई निर्धास्त मनाने गेली. मी तो आवाज आतल्या पोकळीत ऐकला.

मित्रांनो, त्याला तीन वर्षे झाली. गाव अजून निर्धास्त आहे. माझ्याकडे बोट दाखवून लोक दुकानाची वाट धरतात. दूर त्या बंद खोलीत वाकडीचे दाणे पडून आहेत, आणि बी अनंतकाळ जिवंत राहत नाही. ते आतल्या आत, एकेक, विझत जाते.

उद्या तुम्ही शिकून लिहिते-वाचते व्हाल. दारी कोणी बी मागायला आला तर जरूर द्या. पण ते जपणाऱ्याचे नाव पुडीवर घाला, आणि ते परत मागण्याचा, पेरण्याचा, शेजाऱ्याला देण्याचा हक्क कागदावर लिहून घ्या. त्याआधी मात्र एक करा. दगडाबाईच्या तोंडून हे कधीच निघणार नाही, म्हणून मी सांगते आहे: मला फोडा. मी रिकामे आहे हे साऱ्या गावाला दिसू द्या, म्हणजे या पेरणीआधी कोणीतरी परभणीला निघेल.