आईच्या ओळीला लागून

सरकारी कामावर ज्याचं जे काम, त्याला त्या कामाचा दर, हा नियम जुनाच. पण ठेकेदार कागदावर सगळ्या बायकांना बिगारी लिहायचा. माझी बायको जन्मभर टाइल बसवत आली आणि घमेली उचलणाऱ्याची मजुरी घेऊन गेली. आता पद्धत बदललीय. तपासनीस समोर काम करून घेणार, मगच दर ठरवणार.

दवाखान्याच्या या भिंतीवरची टाइलची ओळ ती अर्धी टाकून गेली. ताप डोक्यात चढला, त्यातच ती वारली. तिच्या जागी लेक आली. हात आईचाच. सिमेंटचा माल मी कालवतो, पूर्वी तिला द्यायचो, आता लेकीला.

सकाळी ठेकेदाराच्या मुकादमानं मला जिन्याखाली गाठलं.

"मामा, पोरीला सांगा, आज टाइल वाकडी लावायची."

"का बरं?"

"का म्हणजे? ती कारागीर ठरली की उद्या सगळ्या बायका माझ्या डोक्यावर बसतील. ऐकलं नाही तर दोघांनी डबे उचलून घरी जायचं. या वयात तुम्हाला कोण उभं करणार?"

मी लेकीला सांगितलं.

"तुम्ही सांगताय हे, बाबा?"

"हो, मीच."

तपासनीस बाई आल्या. मुकादम त्यांच्या मागे, नजर माझ्यावर. लेकीनं माल ओढला आणि आईच्या टाइलला लागून टाइल टेकवली. खालचा कोपरा ढळढळीत बाहेर. बाईंनी लेव्हल लावून पाहिली, पेन उघडलं.

"नवखी आहे हो," मुकादम हसला. "आईच्या जागी घेतली, दया आली म्हणून. आईचंही असंच होतं, सांभाळून घ्यायचो."

मी बायकोची ओळ बघितली. मग ती वाकडी टाइल.

"काढ ती."

लेक हलली नाही.

"मामा!" मुकादम ओरडला.

"माल ओला आहे तोवर काढ. तुझ्या आईच्या ओळीत ती राहायची नाही."

तिनं थापी सारून टाइल सोडवली, जुना माल खरवडला, नवा ओढला. रबरी हातोडीचे ठोके. बाईंनी आईच्या टाइलवरून लेकीच्या टाइलवर बोट फिरवलं. ते कुठे अडलं नाही.

"कारागीर," त्या म्हणाल्या आणि लिहिलं.

त्या पुढच्या खोलीत गेल्या तसा मुकादम माझ्या कानाशी आला. "डबा घ्या, मामा. तिचं नाव कागदावर लागलं, तिला हात लावता येत नाही. तुम्हाला येतो."

मी डबा घेतला. लेक हातोडी ठेवून माझ्यामागे निघाली.

"तू कुठे?" मी म्हणालो. "ओळ पुरी कर."