लिटरला अकरा

काकांनी ती जुनी पिकअप घेतली ती निव्वळ दिसण्यावर भाळून. उंच चाकं, रुंद बोनेट, आणि रंग असा की मूळचा कोणता हे सांगायला साक्षीदार लागावा. विकणारा म्हणाला होता, लिटरला अकरा किलोमीटर देते. काकांनी घरी येऊन बायकोला बारा सांगितले. पिकअपनं दिले आठ.

काका आणि काकूंचं सोफे-खुर्च्या भरून द्यायचं दुकान होतं. काका लाकूड बघायचे, स्प्रिंगा बांधायचे. काकू माप घ्यायच्या, कापड कापायच्या, शिवायच्या आणि दुकानाची अब्रू सांभाळायच्या. दुकानाचा एक नियम होता आणि तो काकूंनी घातला होता: गिऱ्हाइकाच्या मापावर कापड कापायचं नाही. गिऱ्हाईक फोनवर सहा फूट सांगतं आणि सोफा निघतो साडेपाच. टेप घेऊन आपण जायचं, दोनदा मोजायचं, मग कात्री.

अशा बाईला बाराचे आठ झालेले कसे खपावेत? त्यांनी तिथल्या तिथे पैजच लावली. "महिनाभर थांबते. लिटरला अकरा निघाले तर गाडी राहील. नाही निघाले तर भंगारवाल्याला बोलवायचं आणि छोटी तीनचाकी घ्यायची."

"साडेदहा?" काकांनी चाचपडून पाहिलं.

"अकरा म्हणजे अकरा. विकणाऱ्याचाच आकडा. बाराचं मी विसरून जाते."

काकांचा चेहरा उतरला. गाडीचा रुबाब जाईल याचं दुःख होतंच, पण खरी गोष्ट वेगळी होती. इतकी वर्षं त्यांनी भरलेला प्रत्येक सोफा भाड्याच्या टेम्पोत चढायचा आणि ते दारातून त्याच्या पाठीकडे बघत राहायचे. पिकअप आल्यापासून ते स्वतः माल पोहोचवत. लोक समोर बसून बघत, टेकत, नकळत हुश्श करत. ते हुश्श ऐकून काका शीळ घालत घरी येत. तीनचाकीत मोठा सोफा काही मावणार नव्हता. म्हणजे पुन्हा टेम्पो, आणि पुन्हा ते दारातून बघणं.

मग काका असे कामाला लागले की विचारू नका. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं एअर फिल्टर काढून आपटला, तर त्यातून धूळ, सुकी पानं आणि कुणा चिमणीची दोन पिसं निघाली. "ही गाडी श्वास कशानं घेत होती?" मिस्त्री म्हणाला. "नाकात उशी कोंबून पळायला लावलंत तुम्ही हिला." चारही चाकांत हवा कमी होती, ती भरली. मागचा एक ब्रेक सुटल्यावरही चाकाला घासत होता, तो सोडवला. टपावरचं लोखंडी कॅरिअर उतरवलं. हौद्याच्या कोपऱ्यात आधीच्या मालकाची अर्धी गोणी सिमेंट दगड होऊन बसली होती, ती छिन्नीनं फोडून काढली.

आठाचे नऊ झाले. काकांना हुरूप आला आणि मग त्यांचा तोल गेला. अवजारांची पेटी काढली. जास्तीची चटई काढली. स्टेपनीसुद्धा काढून दुकानाच्या भिंतीला टेकवून ठेवली. एक दिवस काकूंच्या सासूबाईंना, म्हणजे स्वतःच्या आईला, डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडायला निघाले असताना त्यांनी विचारलं, "आई, तुझं वजन किती गं?"

सासूबाई पिकअपची पायरी चढता चढता थांबल्या. "तुला नऊ महिने वाहिलं, तेव्हा मी विचारलं होतं का तुझं?"

काकांनी हात देऊन त्यांना वर घेतलं. पण चालवण्याची नवी पद्धत त्यांनी सोडली नाही. मिस्त्रीनं सांगितलं होतं, पाय हलका ठेवा, उगाच रेस करू नका, पुढचा सिग्नल लाल दिसला की लांबूनच पाय काढा. काकांनी डॅशबोर्डवर पाण्यानं भरलेली वाटी ठेवली आणि ती सांडू न देता गाडी हाकू लागले. सायकलवाले ओव्हरटेक करून मागे वळून बघत. "मी उतरून चालते," सासूबाई म्हणाल्या, "पोहोचले की तुला हाक मारते."

नवाचे साडेनऊ झाले आणि महिना संपत आला. शेवटची परीक्षा ठरली एका लांबच्या फेरीवर. डोंगरापलीकडच्या एका लहानशा हॉटेलच्या बारा खुर्च्या पोहोचवायच्या होत्या. पंपावर टाकी काठोकाठ भरायची, जाऊन यायचं, त्याच पंपावर पुन्हा काठोकाठ भरायची आणि किती डिझेल गेलं ते बघायचं. चोख काम. काकू स्वतः शेजारी बसल्या. विश्वास नव्हता असं नाही, पण बाराची आठवण ताजी होती.

हॉटेलात खुर्च्या लावून झाल्या तेव्हा तिथला म्हातारा आचारी हात पुसत बाहेर आला. सकाळपासून उभा असावा. तो एका खुर्चीत बसला, पाठ टेकली, डोळे मिटले आणि म्हणाला, "हुश्श." एवढंच. काकूंनी त्या खुर्चीची प्रत्येक शिवण स्वतः घातली होती. पण आपल्या शिवणीवर माणूस टेकताना त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी काकांकडे पाहिलं, तर काका आचाऱ्याकडे बघत नव्हतेच. ते काकूंकडे बघत होते आणि लहान मुलासारखे हसत होते.

निघताना हॉटेलमालक म्हणाला, "छप्पन्न किलोमीटरवरून आलात, चहा तरी घ्या."

"एकोणपन्नास," काका म्हणाले. "मीटरवर बघून आलोय."

"छप्पन्न आहे हो. वीस वर्षं जातोय-येतोय."

गाडीत बसल्यावर काका काकूंना म्हणाले, "बघ. गिऱ्हाइकाचं माप!" आणि दोघंही हसली.

पंपावर टाकी भरली तेव्हा बरोबर दहा लिटर डिझेल गेलं. मीटरवर जाऊन-येऊन अठ्ठ्याण्णव. लिटरला नऊ पूर्णांक आठ. काकांनी वाटीतलं पाणी खिडकीतून ओतून दिलं. काकूंना म्हणावंसं वाटलं, जाऊ द्या, राहू द्या गाडी. पण काकाच आधी बोलले. "पैज ती पैज. उद्या सकाळी बोलावतो भंगारवाल्याला." आणि घरापर्यंत शीळ नाही की काही नाही.

सकाळी काका दुकानासमोर पिकअप धूत होते. भंगारात जाणारी गाडी कोणी धुतं का? पण ते कानाकोपऱ्यातून फडकं फिरवत होते. काकूंना दारात उभं राहून ते बघवेना. आपला शब्द मागे घ्यायचा तर तो घ्यायचा कसा, याची त्यांना सवय नव्हती. म्हणून त्या उगाचच भिंतीकडे बघत राहिल्या. भिंतीला स्टेपनी टेकलेली होती, तिच्या पलीकडे पिकअपचं मागचं चाक.

काकूंची नजर मापात मुरलेली. स्टेपनी चाकापेक्षा बुटकी होती. चार बोटं तरी.

त्या आतून खडू आणि टेप घेऊन आल्या. "अहो, गाडी जरा पुढे ढकला. हळू." काकांना वाटलं, जाता जाता माप घेतेय, काय हौस आहे. पण ढकलली. काकूंनी चाकावर खडूची खूण केली, खाली फरशीवर केली, एक पूर्ण फेरा झाल्यावर पुन्हा केली आणि टेप लावली. दोन मीटर छत्तीस. मग स्टेपनी तशीच फिरवली. दोन मीटर पाच. पुन्हा मोजलं. तेच.

"मिस्त्री!" काकूंनी कोपऱ्यापर्यंत आवाज दिला. "गाडीचा मीटर किलोमीटर कसे मोजतो?"

"चाकाचे फेरे मोजतो की!" मिस्त्री पाना हातात घेऊन आला. "एका फेऱ्याला अमुक अंतर, असं कंपनीनं धरून दिलेलं असतं."

"आणि चाकच मोठं बसवलं तर?"

मिस्त्रीनं स्टेपनीकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "स्टेपनी कंपनीची आहे. ही उंच चाकं आधीच्या मालकानं मिरवायला घातलेली. मीटर बिचारा लहान चाकाच्याच हिशेबानं चाललाय. गाडी जास्त पळते, तो कमी दाखवतो."

काकू खडूनं फरशीवरच गणित मांडायला बसल्या. हॉटेल खरंच छप्पन्नावर होतं. जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकाचं माप बरोबर निघालं होतं आणि नेमकं तेव्हाच दोघं त्याला हसली होती. जाऊन-येऊन एकशे बारा. दहा लिटरला. एवढ्यात भंगारवाला हातगाडी लावून समोर उभा राहिला.

काका पाण्याची नळी पुन्हा हातात घेऊन आकडा बघत होते, पण त्यांना धीर होईना. "पैज मीटरवर होती," ते हळूच म्हणाले.

"पैज अकरावर होती. सव्वाअकरा पडलेत, त्याला मी काय करू?" काकू उठल्या, हातावरचा खडू झटकला. "मी हरले."

नळी काकांच्या हातात तशीच राहिली आणि पाणी त्यांच्या चपलेवरून वाहू लागलं. सव्वीस वर्षांच्या संसारात हे दोन शब्द या घरात कोणी ऐकले नव्हते. "काय म्हणालीस?"

"मी हरले."

"आई!" काका ओरडले.

सासूबाई केव्हाच्या खिडकीत उभ्या होत्या. "ऐकलं मी. पण एकाच कानानं. परत म्हण गं सूनबाई."

भंगारवालाही हातगाडीला टेकून वाट बघू लागला. सगळी गल्ली बघतेय हे दिसत असूनही काकूंना हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही. त्यांनी पदरानं चेहरा पुसला आणि तिसऱ्यांदा म्हणाल्या, चांगलं खणखणीत, शेवटच्या दुकानापर्यंत ऐकू जाईल असं.