तळपायाचं तूप

शालिनीबाई चौथीपर्यंतच शिकलेल्या. पण कुणाला किती मान द्यायचा, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. सौदीतल्या दमामच्या शाळेच्या मैदानात त्या गोऱ्या बाईभोवती फोटोसाठी आयांची झुंबड उडाली, तरी त्या खुर्चीतून हलल्या नाहीत. बाई रुमानियाची, नाव डोइना. लांब उडीत युरोपभर पदकं मिळवलेली. तिच्या देशात म्हणे पोस्टाच्या तिकिटावर तिचं चित्र. निवृत्त होऊन आता इथल्या मुलींना शिकवायची. नात रेवा तर घरात उठताबसता तिचंच नाव घ्यायची. वाळूच बघायची होती तर इकडे आली हे बरं केलं, असं शालिनीबाईंनी शेजारणीला, मेहेकला, हिंदीत ऐकवलं.

मग डोइनाच्या हाती माइक आला. ती इंग्रजीत बोलत होती आणि मेहेक शालिनीबाईंच्या कानाशी हिंदी करून सांगत होती. शेवटच्या उडीला भरलं स्टेडियम तिच्या नावाने टाळ्या वाजवत होतं. उडी घ्यायच्या फळीवर पाय पडला आणि घामाने बुटाच्या आत सरकला. एवढासाच. गुडघा फिरला. टाळ्यांच्या गजरातही तिला आतला आवाज ऐकू आला. त्यानंतर ती कधी उडी मारू शकली नाही.

शालिनीबाईंची नजर रेवाच्या पायांकडे गेली.

तासाभरापूर्वीच, या उन्हाने पोरीचे पाय कढत होतात म्हणून, त्यांनी काशाच्या वाटीने रेवाच्या तळपायांना तूप चोळलं होतं. चांगलं सढळ हाताने. "आजी, इट्स स्लिपरी," ती म्हणाली, तर मोज्यात जिरेल म्हणून तिला गप्प केलं होतं.

आणि आता लांब उडीसाठी स्पीकरवर रेवाचंच नाव पुकारलं.

मुलगा देवदत्त, रेवाचा बाप, तिकडे अबकैकच्या तेलप्रकल्पावर ड्यूटीला. पळायला घरचं दुसरं कुणी नव्हतं. ओरडल्या, तर स्पीकरच्या गोंगाटात कुणाला ऐकू गेलं नाही. दोरी ओलांडून त्या धडपडत डोइनापाशी पोचल्या, तिचं मनगट धरलं.

"उसको रोको. मैंने पाँव को घी लगाया है."

बाईला कळेना. शालिनीबाईंनी चारचौघांत चप्पल काढली, आपल्या तळपायावर हात चोळला आणि तो पाय सर्रकन पुढे सरकवून दाखवला. डोइनाचा चेहरा पांढराफटक पडला. दोन्ही हात पसरून ती धावपट्टीत उभी राहिली.

पंचांनी लाल झेंडा दाखवला. ती उडी बाद झाली, अजून दोन बाकी होत्या. रेवा रडत इंग्रजीत भांडायला लागली. दुखरा गुडघा लांब करून डोइना जमिनीवर बसली, रेवाचे तळपाय टॉवेलने खसाखसा पुसले आणि कोरडे मोजे चढवले. शालिनीबाई पहिल्यांदाच मान खाली घालून उभ्या होत्या.

आता तरी भीती नाही ना, त्यांनी मागोमाग आलेल्या मेहेककडून डोइनाला विचारलं. उत्तर आलं, "मला माहीत नाही. मी दर वेळी घाबरते."

पुन्हा नाव पुकारलं तशी रेवा धावत निघाली. डोइनाने डोळे गच्च मिटले आणि शालिनीबाईंचा हात दाबून धरला. शालिनीबाईंनाही मिटायचे होते, पण दोघींतल्या एकीने तरी बघायला हवं होतं. पोर फळीवरून सुटली, वाळूत आदळली, क्षणभर तशीच बसून राहिली. मग दोन्ही पायांवर उठली.

"उघडा डोळे, मॅडम," शालिनीबाई चक्क मराठीत म्हणाल्या. "उभी आहे."