‘काही नाही’ अशी नोंद

थोरली सून वाळलेले कपडे आणायला छतावर गेली की अर्धा तास खाली येत नसे. सासूबाईंना वाटे, घड्या घालते. ती दुर्बीण डोळ्याला लावून उभी असे. दुर्बीण नवऱ्याची. तो जाऊन दोन वर्षं झाली होती, पण त्याचा शिरस्ता तिने मोडला नव्हता. रोज तिन्हीसांजेला आकाशाचे ठरलेले चार तुकडे पाहायचे, ताऱ्यांचा उजेड शेजारच्या ताऱ्यांशी ताडून वहीत लिहायचा आणि नवं काही दिसलं नाही तर तेही लिहायचं: ‘काही नाही.’ अशा ‘काही नाही’ने तीन वह्या भरल्या होत्या.

त्या मंगळवारी तिसऱ्या तुकड्यात एक तारा जास्त होता.

तिने नकाशा पाहिला, कालचं पान पाहिलं. तिथे तारा नव्हता. विमान असेल, उपग्रह असेल, म्हणून ती वीस मिनिटं थांबली. तो जागचा हलला नाही. कपडे दोरीवर तसेच टाकून ती जिना उतरली.

सासरे निवृत्त भूगोल शिक्षक, आमच्या आकाशमंडळाचे अध्यक्ष; आम्ही त्यांना सर म्हणतो. ‘शेपटीच्या ताऱ्याने कुणाचं वाईट होत नाही’ हे त्यांचं भाषण आम्हाला तोंडपाठ आहे. ते धापा टाकत वर गेले, पाहिलं आणि दुर्बीण खाली न घेताच म्हणाले, “नवतारा आहे गं. आजच कळवायला हवं, नाहीतर दुसरा कुणीतरी कळवेल.”

खाली येऊन त्यांनी वेधशाळेला संदेश लिहिला आणि निरीक्षकाच्या जागी धाकट्या मुलाचं नाव घातलं.

“बाबा, पाहिला मी,” सून म्हणाली.

“ते घरात माहीत आहे ना? रविवारी याला बघायला माणसं येतायत. पेपरात तुझं नाव आलं तर विचारतील, विधवा सून संध्याकाळी छतावर एकटी काय करते?”

“आधीच पांढऱ्या पायाची म्हणतात,” सासूबाई पुटपुटल्या. “त्यात आणखी भर कशाला?”

“शेपटीच्या ताऱ्याने कुणाचं वाईट होत नाही म्हणता. मग माझ्या सावलीने कसं होतं?”

सासऱ्यांनी चष्मा पुसला. “व्यासपीठ वेगळं, घर वेगळं. वही दे.”

तिने दिली. धाकट्याने त्यातून आकडे उतरवले. ‘काही नाही’च्या ओळी त्याने गाळल्या. रिकामी नोंद कोण कशाला पाठवेल, असं त्याला वाटलं. हे सगळं पुढे त्यानेच मला सांगितलं, मान खाली घालून.

रात्रभर घरात कुणाचा डोळा लागला नाही. सासरे दहा वेळा उठून फोनपाशी गेले. तो सकाळी वाजला. धाकट्याने उचलला. वेधशाळेतल्या बाईंना एकच गोष्ट हवी होती: तारा दिसला त्याच्या आदल्या संध्याकाळी तो त्या जागी होता का? त्यावरूनच तो कधी उजळला ते कळणार होतं.

“परवा... म्हणजे सोमवारी... तसं काही बघितलं नाही,” धाकटा अडखळला.

सून स्वयंपाकघरातून आली, तिने ओले हात पदराला पुसले आणि रिसीव्हर घेतला. सासऱ्यांनी डोळे वटारले, पण ती बोललीच. “सोमवारी सात वाजून दहा मिनिटांनी मी ती जागा पाहिली. काही नव्हतं. रविवारीही नव्हतं. निरीक्षण माझं आहे, वरचं नाव चुकीचं आहे.” मग तिने आपलं नाव सांगितलं, एकेक अक्षर सुटं करून.

वेधशाळेच्या पत्रकात तेच नाव छापून आलं. रविवारच्या पाहुण्यांनी निरोप धाडला की सध्या जमणार नाही. सासूबाईंनी तिच्याशी बोलणं टाकलं.

पुढच्या आठवड्यात मंडळाने नवताऱ्यावर सभा ठेवली. हॉल खचाखच भरला. सर तासभर बोलले, आणि छानच बोलले, खोटं का सांगू? शेवटी मागून कुणीतरी विचारलं, “सर, सूनबाईंना का नाही आणलं?”

“तिला बरं नाही,” सर म्हणाले. जीभ अडखळली नाही.

आम्ही टाळ्या वाजवल्या. सरांचं घर तिथून दोन गल्ल्यांवर. शंभर शहाण्यांपैकी एकालाही वाटलं नाही की जाऊन पाहावं. मलाही नाही. मी मंडळाचा चिटणीस, अंधश्रद्धेवर चार लेख खरडलेला.

रात्री मात्र काही केल्या झोप येईना. सकाळी उठून मी त्यांच्या घरी गेलो. दार तिनेच उघडलं. हातात केरसुणी होती, तब्येत ठणठणीत.

“आता बरं वाटतंय का?” मी विचारलं.

तिने केरसुणी दाराला टेकवली.

“मला काय झालंय?” ती म्हणाली. “सभा कधी आहे हो? बाबा काही सांगत नाहीत. मी बोलायचं सगळं लिहून ठेवलंय.”