कमरेवरचे चट्टे

ही २०१७ सालची गोष्ट. कळलं त्या वर्षी, पण चूक त्याआधी सहा वर्षं चालली होती, आणि ती माझी होती.

हिवाळा संपत आला की अहेरीला आमच्या अंगणात बिबे फोडायचं काम चाले. माझे यजमान बाबूभाई जंगलातला बिब्बा विकत घेत आणि आसपासच्या गावांतल्या बाया तो भाजून, दगडावर फोडून आतली गोडंबी काढत. हातांना तेल आणि राख चोळूनच बसावं लागे, कारण बिब्ब्याचं तेल उडालं की कातडी उतते, फोड येतात. त्या बायांत सोमारी सगळ्यांत झपाट्याची आणि तोंडाळ. "बाबूभाई, तुमची गोडंबी खाऊन मी जाडी होऊन राह्यली, नजर नका लावू," म्हणायची आणि अख्खं अंगण हसायचं. तसं हसू मी पुन्हा ऐकलं नाही.

एक दिवस तिनं मला आतल्या खोलीत नेलं आणि लुगडं जरा सैल करून कंबर दाखवली. तांबूस, पापुद्रे सुटलेले दोन चट्टे.

"बिबा उतला तुले," मी म्हटलं.

"पन बाई, कंबरेले कसा उतन? कंबरेनं फोडतो का मी?"

"हात पुसते ना तू कंबरेले. दुसरं काय!"

तिनं बरोबर विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं आणि मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणून दिली. आठ दिवसांत लाली गेली. मग दर वर्षी चट्टे आणि दर वर्षी माझी ट्यूब. चट्टे पाठीवर, मांडीवर पसरले. हात मात्र, जे खरोखर बिब्ब्यात असत, ते स्वच्छ राहिले. दुसऱ्या कुणाला ती अंग दाखवणार नव्हती. पाहणारी मी एकटी, आणि मला दिसलं नाही.

२०१७ साली मांडीवर गाठ आली आणि फुटली. तिची मुलगी दिव्यानी आणि मी तिला नागपूरला घेऊन गेलो. कातडीचा तुकडा तपासून आल्यावर डॉक्टरीणबाईंनी समजावलं. रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींपैकीच काही कातडीत बिघडल्या होत्या. हा लिम्फोमा, एक कॅन्सर. आधी बाकीच्या चांगल्या पेशी त्यांना दाबून ठेवतात. पुढे त्या थकतात, आणि मदतीला धावून आलेल्या काही पेशी तर बिघडलेल्यांनाच वाढायला हात देतात.

"म्हंजे राखणदारच रानडुकरं पोसून राह्यले," सोमारी म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. "तसंच समजा, मावशी."

"मंग राखणदार बदला ना."

"आता रक्तातही पसरलंय. औषध देऊ, पण बरं होईल असं नाही सांगता येत." मग त्यांनी विचारलं, "इतकी वर्षं मलम कुणी दिलं?"

दिव्यानीनं माझ्याकडे पाहिलं.

"कोनी नाई," सोमारी म्हणाली. "मीच घेतलं दुकानातून."

मलमानं रोग होत नाही, तो झाकला जातो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नुसते चट्टे असताना आली असती तर पुष्कळ वर्षं मिळाली असती. मी तेव्हाही गप्प राहिले.

परतताना बसमध्ये मी विचारलं, "काऊन घेतलं वो अंगावर?"

"तिथी तुमाले रडवत बसू का? मले माझंच लय झालं."

सोमारी पुढच्या पावसाळ्यात गेली. शेवटी अंगावर पातळ लुगडंही सहन होत नव्हतं. दिव्यानी लग्न होऊन सावली गावी गेली; अहेरीच्या बाजारात भेटली तर मान वळवते. बाबूभाईंनी बिब्ब्याचं काम बंद केलं आणि २०२१ साली ते वारले. ट्यूबचं मी त्यांना कधी सांगितलं नाही. मी सत्त्याहत्तर वर्षांची आहे, एकटी राहते. मलम मी दिलं होतं, असं पत्र एकदा डॉक्टरीणबाईंना लिहिलं. त्यांची बदली झाली होती. पत्र परत आलं.