गुंडीच्या रकान्यातल्या चौघी

मित्रांनो, कुबट वास येईल, नाक धरायचे तर धरा, पण कान उघडे ठेवा. मी एक जुनी जन्मनोंदवही आहे. मला जाड कापडी पुठ्ठा घातला, तेव्हा मी इतकी देखणी होते की कचेरीतला कारकून माझ्यावर चहाचा कपही टेकवू देत नसे.

माझ्यात नावे तरी कसली कसली! कुलपे दुरुस्त करणाऱ्याच्या मुलाचे नाव कुलूप. प्रवासात अर्ध्या वाटेवरच जन्मलेली मुलगी घाई. अकराव्या मुलीचे नाव आईबापांनी सरळ अकरावी ठेवलेले. कारकून ती मोठ्याने वाचायचा आणि सगळी कचेरी पोट धरून हसायची. खोटे कशाला बोलू, मलाही गुदगुल्या व्हायच्या.

एकदा एक शिंपी मुलीची नोंद करायला आला. नाव गुंडी. कारकून खो खो हसला. चार महिन्यांनी ती गुंडी गेल्याचे कळले. वर्षभराने शिंपी पुन्हा दारात उभा. मुलगी नवी, नाव तेच.

“अहो, दुसरं नाव सुचलं नाही का?”

“गुंडी तुटली की आम्ही तिथेच दुसरी लावतो, साहेब,” शिंपी म्हणाला. तो हसत नव्हता.

नियमाप्रमाणे नव्या मुलीला नवी ओळ द्यायला हवी होती. पण नाव तेच, आईबाप तेच. कारकुनाने कंटाळा केला. तारीख तो आधी पेन्सिलीने टाकून ठेवायचा; ती जुनी तारीख खोडरबराने पुसली आणि तिथेच नवी लिहिली. असे चारदा झाले. पाचवी गुंडी जगली, तेव्हा कुठे त्याने शाईची दौत उघडली. आधीच्या चौघी कागदोपत्री जन्मल्याच नव्हत्या.

तेव्हापासून मला भीती वाटू लागली. घासून घासून तारखेचा रकाना पातळ झाला होता. कचेरीत सामसूम झाली की तिथे इवल्या बोटांनी कोणीतरी आतून दाबायचे. कोणी ‘गुंडी’ असे वाचले की माझ्यातून ओ यायची. एक नव्हे, चार. कारकुनाला ती ऐकू यायची नाही, किंवा तो तसे दाखवायचा.

पुढे माझी रवानगी फडताळात झाली. कसर लागली, पुठ्ठा सुटला. कितीतरी वर्षे मला कोणी हात लावला नाही. फार वाईट वाटायचे.

मग एका दुपारी एक म्हातारी आली. सोबत नात होती, तिला घराण्याची वंशावळ लिहायची होती. दप्तर सांभाळणाऱ्या बाईंनी मला फडताळातून काढून पान उघडून दिले.

“आजी, खरंच गुंडी! कसलं भारी नाव आहे तुझं!” नात खिदळली.

“हसू नकोस गं. मला हाक मारली की माझ्या आधी कोणीतरी ओ देतं. अगदी लहानपणापासून. ते कोण, एवढं कळू दे, मग मी जायला मोकळी.”

बाईंनी पान खिडकीशी तिरपे धरले. शाईखाली पेन्सिलीचे वळ दिसले. चार तारखा. म्हातारीने एकेकीवरून बोट फिरवले.

“माझ्या बहिणी,” ती म्हणाली. “आणि मी जन्मभर यांच्या जागेवर बसलेय. यांना लिहा हो.”

“आजी, ते नियमात बसत नाही.”

“पुसणं बसलं होतं?”

बाईंनी पेन उघडले. मग त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात चारही तारखा शाईने लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे नाव घातले.

नातीने हळूच हाक मारली, “गुंडी?”

म्हातारी कान देऊन बसली. मीही श्वास रोखला. कोणीच बोलले नाही.

“ओ,” म्हातारी म्हणाली आणि ढसाढसा रडली.

महिन्याभराने नात एकटीच आली. आजी गेली होती. तिने ते पान उघडले आणि ओठातल्या ओठात नाव घेतले. सगळ्यात आधी एका थकल्या आवाजाची ओ आली. मागोमाग चार इवल्या. नातीने झटकन मागे वळून पाहिले, मग बराच वेळ पानावर तळवा ठेवून बसली.

मित्रांनो, नावांना खुशाल हसा. पण एकाला पुसून त्याच्या जागी दुसऱ्याला लिहू नका. आणि माझ्यातले एखादे नाव मोठ्याने वाचलेत, तर लगेच पान उलटू नका. ओ येईपर्यंत थांबा.