अर्चनाच्या मनगटावरचा टिळा

समता कॉलनीतल्या सुशीलाबाईंच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. अभनपूरकडून आलेला महाराज घरातल्या एकेकाचा हात धरी, बोटं निरखी आणि बाटलीत काडी बुडवून मनगटावर काळा टिळा लावी.

"माई के टीका ए! टोनही ला खुदे धर लिही!"

टोनही म्हणजे चेटकीण; देवीमाईचा टिळा तिला स्वतःच धरेल, असं महाराज सांगे. माईला ती ओळखता येत होती, तर बाटली-काडी कशाला लागत होती, हे कोणी विचारलं नाही.

धाकट्या सुनेचं तान्हं बाळ दूध टाकत होतं. त्याला डॉक्टरकडे न्यायचं राहिलं बाजूला. संशय आला थोरल्या, विधवा सुनेवर, अर्चनावर. बाळ तिच्याच कुशीत झोपे. आपला खरेपणा आता सगळ्यांना दिसेल, म्हणून तिने आपणहून हात पुढे केला.

दोन दिवसांत तिचं मनगट सुजून फोडांनी भरलं. बाकी कोणालाच काही झालं नाही.

"काहून वं, माह्या नातवाचंच रक्त पाह्यजे होतं तुले?" सुशीलाबाई कडाडल्या. अर्चनाची पेटी ओट्यावर आली.

धाकट्या दिराला, शेखरला, राहवलं नाही. तो तिला त्वचारोगतज्ज्ञ ज्ञानदा डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि टिळ्याची सगळी हकीकत सांगितली.

"बिब्बा हाताळता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हव. आईंच्या टाचांच्या भेगांत दर थंडीत मीच भरतो. बोटं खाजवते मग."

"तुमच्या कातडीला त्याची ॲलर्जी झाली आहे. आता थेंबही पुरतो. टिळ्यात तेलात पातळ केलेला बिब्बा असणार. तेवढ्याने इतरांना सहसा काही होत नाही." त्यांनी शेखरच्या बाहीला लागलेला टिळ्याचा डाग पाहिला. "धुऊन गेला नाही ना? धोबी कपड्यांवर खूण करायचे ती बिब्ब्यानेच. आणि वहिनींच्या बोटांवरचे डाग, चिरा महाराजाने हात धरतानाच हेरल्या असणार."

महाराज पुन्हा आला, तेव्हा शेखरने चारचौघांत त्याचीच बाटली त्याच्यासमोर धरली. "बोट बुडवा यात, महाराज." बिब्बा कसा चावतो हे ठाऊक असलेल्या महाराजाने हात झटकन मागे घेतला आणि झोळी उचलून जो सुटला, तो दिसलाच नाही.

सुशीलाबाई खाली मान घालून म्हणाल्या, "हव, बिब्बाच होता. पण पोट्ट्याले नको घेऊ बाई सध्या. काय सांगता येते?"

"तुमच्या टाचेत बिब्बा भरला मी, आई. पाप नाही भरलं," अर्चना म्हणाली. तिने पेटी उचलली आणि फाटकाबाहेर पडली.

लोकहो, अंगावर फोड उठले तर काय लागलं ते विचारा, डॉक्टरला दाखवा. कोणाचं पाप ते शोधू नका. अर्चनाचं मनगट मलमाने आठवड्यात बरं झालं. बाळ मात्र अजून तिची कूस शोधत रडतं.